आत्याच्या घरातली बैठक

साहेब, तुम्हाला मी चोर म्हणत नाही. चोर आला की घरच्यांना ओरडता तरी येतं. तुम्ही आलात की माझी आत्या चहा टाकते. तुम्ही तिच्याच खुर्चीत बसून तो पिता आणि मग तिला म्हणता, "बाई, जरा बाहेर थांबा. तुमच्याबद्दलच बोलायचंय."

आणि ती थांबते. स्वतःच्या घरात, जिन्यावर.

आत्यानं उभा जन्म भावाच्या, म्हणजे माझ्या काकांच्या, टेलरिंगच्या दुकानात इस्त्री केली. दोघांनीही लग्न केलं नाही. जाण्याआधी काकांनी घर ट्रस्टमध्ये टाकलं. अट साधी होती: आत्या आहे तोवर घर तिच्यासाठी, आणि विश्वस्तांनी ते तिच्यासाठीच सांभाळायचं. मुख्य विश्वस्त तुम्ही, काकांचे वकील. बाकीचे दोघे तुमचे होयबा.

काकांना जाऊन वर्ष होत नाही तोच तुमच्या जावयांचं प्लायवूड आत्याच्या तळमजल्यावरच्या खोलीत येऊन पडलं. "थोडे दिवस," तुम्ही म्हणालात. आत्याचा पलंग वर गेला. इस्त्रीचं टेबल जिन्यात वळेना, म्हणून ते पायऱ्यांखाली उभं करून ठेवलं. आत्याचे गुडघे गेलेले. ती बसून, एकेक पायरी घसरत खाली उतरायची, तान्ह्या पोरासारखी.

मी म्हणायचे, "आत्या, विचार की त्यांना, माझी खोली कधी देताय म्हणून."

"अगं, असं कसं विचारायचं? एवढं करतात ते आपलं."

"काय करतात?"

ती बराच वेळ आठवत राहिली. "येतात की."

परवाच्या बैठकीला मीही होते. खाली प्लायवूड, म्हणून तुम्ही वर तिच्या खोलीत बसलात. आम्ही दोघी जिन्यावर. दार नीट लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं. ते दुरुस्त करून द्या म्हणून तिनं कितीदा तरी सांगितलंय.

"जिना झेपत नाही त्यांना," तुमचा आवाज आला. "वृद्धाश्रमात ठेवू. त्यांच्याच भल्याचं आहे."

"अगदी बरोबर," पहिला होयबा.

"वरची खोलीही मोकळी होईल," दुसरा. मग बिस्किट मोडल्याचा आवाज.

जिन्यावर चढवलंत तुम्ही, आणि जिना झेपत नाही म्हणून घराबाहेरही काढणार तुम्हीच. मी उठले, तर आत्यानं माझा हात धरून मला खाली बसवलं आणि कठड्याला धरून स्वतः उभी राहिली. सवयीनं तिनं आपल्याच खोलीच्या दारावर टकटक केली.

"बाई, अजून झालेलं नाही आमचं," तुम्ही म्हणालात.

ती आत गेली. खुर्ची रिकामी नव्हती. पलंगावर तुमची बॅग होती. ती तिनं उचलून जमिनीवर ठेवली आणि पलंगावर बसली.

"बोला. ऐकतेय मी."

"हे ट्रस्टचं कामकाज आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"नाही कळत. म्हणून विचारते. घर कोणासाठी आहे?"

"अहो, तुमच्यासाठीच."

"मग माझ्या खालच्या खोलीत कोण राहतंय?"

होयबांनी बशीत पाहिलं. तुम्ही घड्याळ पाहिलंत. "पुढच्या बैठकीत घेऊ हा विषय," म्हणत बॅग उचललीत. उतरताना तुमचा एक होयबा धापा टाकत म्हणाला, "फारच उभा जिना आहे हो." तुम्ही हसलात.

त्या दिवसाचे कप आत्यानं अजून उचललेले नाहीत. तळाशी चहा वाळलाय, कडेनं मुंग्या लागल्यात. आयुष्यात तिनं उष्टं भांडं रात्रभर ठेवलं नाही. मी विसळायला घेतले, तर म्हणाली, "राहू दे. बैठक संपलेली नाही."

ती पलंगावर बसलीय, साहेब. तिच्या खालच्या खोलीत कोण राहतंय, ते तिला येऊन सांगा.