कोपरातला पॅड

पॅडची जाडी बारा मिलिमीटर होती. चिमटीत दाबल्यावर दोन. सोडल्यावर पुन्हा फुगायला चार सेकंद लागले.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर यांचं मोटरसायकलचं जाकीट पसरलं होतं. लेकीला ते घालून गाडीनं नव्या नोकरीवर जायचं होतं आणि आठ महिने मी "बघू" म्हणत होते.

"बाह्या बरोबर मनगटापर्यंत येतात," ती म्हणाली. "आई, आता तरी 'बघू' सोड."

"चिलखत आहे ते," हे म्हणाले. "तीन वर्षांत एक ओरखडा नाही."

"बाबा, पडलाच नाहीत तर ओरखडा येणार कुठून?"

मी प्रयोगशाळेत कामगारांची हेल्मेटं आणि गुडघ्याचे पॅड तपासते. वरून वजन सोडायचं, खाली किती मार पोचला ते वाचायचं. घरातला पॅड मात्र आज पहिल्यांदा दाबून पाहिला. उलटा केला. कडेला बारीक अक्षरांची पट्टी होती: 'आकार टिकवण्यासाठीचा फोम. वापरण्यापूर्वी काढून संरक्षक पॅड बसवावेत.'

दुसरं कोपर, दोन्ही खांदे, पाठ. सगळीकडे तीच पट्टी.

"म्हणजे नव्या बुटात कागदाचे बोळे असतात, तसं?" लेकीनं विचारलं.

हे खुर्चीत बसले. "दुकानदार म्हणाला होता, सगळं आत आहे." ते स्वतःचं कोपर चाचपत होते.

दर महिन्याला जाकीट धुताना हे पाचही तुकडे मीच काढायचे, पुसून सावलीत ठेवायचे. अदलाबदल नको म्हणून शाईनं खुणाही केल्या होत्या. खुणेपासून बोटभर अंतरावर ती पट्टी. धुण्याच्या सूचना असतील म्हणून कधी वाचलीच नव्हती.

तीन वर्षं यांच्या हाडांच्या आणि रस्त्याच्या मध्ये नुसता स्पंज होता, आणि तो मी जपून परत बसवत होते.

लेकीनं जाकिटाची घडी घातली. "राहू दे. मी बसनं जाईन. आता तू 'हो' म्हणणार नाहीस."

मी जाकीट पुन्हा माझ्याकडे ओढलं.

"आठ महिने नुसती घाबरले. तपासलं काहीच नाही. शनिवारी दुकानात जाऊ. पॅड आधी माझ्या हातात, मग तुमच्या दोघांच्या अंगावर. तोवर किल्ली इथे ठेवा."

यांनी किल्ली ठेवली.

"आणि शनिवारनंतर?" लेकीनं विचारलं.

"शनिवारनंतर तू गाडी चालव," मी म्हणाले.