शेवटचे तीस फूट

मी रेषा आखणारा गाडा बोलतोय. बेसबॉलच्या मैदानावर खेळ सुरू होण्याआधी पांढऱ्या रेषा ओढतात, ते काम माझं. पण आधीच एक कबुली देतो. जी गोष्ट सांगायला बसलो आहे, तिच्यातलं ऐन मधलं बोलणं मी ऐकलेलंच नाही. त्या वेळी माझ्या पोटात पांढरी भुकटी ओतली जात होती, आणि पत्र्याच्या पेटीत भुकटी पडू लागली की मला बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. बाकीचं नीट आठवतं, असं मला वाटतं. वाटतं एवढंच म्हणतो. माझ्या वयाला याहून जास्त खात्री शोभत नाही.

माझा जन्म १९४९ सालचा, ओहायो राज्यातल्या टॅनर्सफर्ड गावातला. बी पेरायच्या एका मोडक्या यंत्राची तीन चाकं, जस्ताच्या पत्र्याची पेटी, तळाला चाळण आणि मुठीपाशी एक खटका. खटका दाबला की भुकटी सुटते, सोडला की थांबते. मला बनवलं ऑगी ह्लावाचने. टॅनर्सफर्ड फेरीमेन या आमच्या संघाच्या मैदानाची देखभाल त्याच्याकडे होती. संघ फार मोठा नव्हता, पण खेळाडू पगारी होते आणि गावाला दुसरं मिरवायला काही नव्हतं.

मला थोडंफार वाचता येतं, त्याचं कारण हिवाळा. ओल लागू नये म्हणून ऑगी माझ्या पेटीत जुनी वर्तमानपत्रं कोंबायचा. सहा महिने दुसरं काम नाही. मी वाचत बसे. वाचून शहाणपण आलं असं नाही. काळजी करायला विषय तेवढे वाढले.

ऑगी दुसऱ्या कुणालाही मला हात लावू देत नसे. पंचवीस वर्षांत एकदाही नाही. गवतावर तो दोरीसुद्धा ताणत नसे. फटका मारणारा जिथे उभा राहतो त्या घरच्या पाटीपासून निघायचा, दूर कुंपणाजवळच्या पिवळ्या खांबावर नजर लावायचा आणि तीनशे वीस फूट एका दमात चालत जायचा. मागे वळून बघायचा नाही. बघायचो मी. रेषा सरळ आली का ही धाकधूक मला रोज असे, आणि रोज ती सरळ आलेली असे.

१९७४ च्या जूनमधली गोष्ट. दुपारी जेवणाच्या सुटीत ऑगी आणि त्याचा जोडीदार एझरा टिब्स शेडमध्ये बसले होते. एझरा काळा, उंच, मितभाषी माणूस. दोघांनी वीस वर्षं एकत्र गवत कापलं होतं. तेवढ्यात तिकीट खिडकीवरची डोरीन वर्तमानपत्र घेऊन आली.

“वाचलंत का? हार्लन व्हीच आपला संघ घेतोय म्हणे.”

“कोण व्हीच?” ऑगीने विचारलं.

“अरे, कुठल्या जगात राहतोस? गालिचेवाला व्हीच. तीन राज्यांत कारखाने आहेत त्याचे.”

“घेऊ दे की,” एझरा म्हणाला. “आत्ताचे दोघे मालक सख्खे भाऊ आहेत आणि एकमेकांशी चिठ्ठीतून बोलतात. व्हीच निदान तोंडाने बोलेल.”

ऑगीने सँडविच खाली ठेवलं. “गालिचेवाला मैदान घेऊन काय करेल, सांग. प्लास्टिकच्या गवताचा गालिचा अंथरेल. सिनसिनाटीत अंथरलाच आहे. गवत गेलं, माती गेली. रेषा कारखान्यातूनच रंगवून येतात.”

मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मला ते आवडलं नाही.

“तो आला तर त्याच्याशी गोड बोल,” डोरीन म्हणाली. “माणूस गोड बोलल्यावर ऐकतो.”

“मी गवत राखतो. ते कसं आहे ते त्याने डोळ्यांनी बघावं. त्याच्यापुढे वाकून हे ठेवा हो, ते ठेवा हो, हे माझ्याच्याने होणार नाही.”

“बघू हं,” डोरीन हसली. “भलेभले वाकतात.”

“हा नाही वाकणार,” एझरा म्हणाला. डोरीन गेल्यावर त्याने ऑगीला हळूच सांगितलं, “मला आयुष्यात नको त्या माणसांपुढे मान खाली घालावी लागलीय, ऑगी. तुझी कधी खाली गेली नाही, ते बघून मला बरं वाटतं. तेवढं सांभाळ.”

ऑगीने मान हलवली. वचन दिलं असं मी म्हणणार नाही, पण एझराने ते वचनच धरलं.

चार दिवसांनी एक माणूस आला. साठीचा, राखाडी सूट, डोक्यावर टोपी, पायांत असे बूट की त्यांत आभाळ दिसावं. उजव्या बाजूच्या स्टँडमध्ये रेषेलगतचं तिकीट काढून तो सामन्याच्या दोन तास आधी येऊन बसला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ओरडणं नाही, टाळ्या नाहीत. मांडीवर वही, हातात पेन्सिल, आणि सतत काहीतरी लिहिणं.

“हाच व्हीच,” डोरीनने जाहीर केलं. “तिकीट मागताना ‘कृपा करून’ म्हणतो. एवढे बूट चकचकीत ठेवणारा माणूस आपल्या गावात आहे का कुणी?”

पुरावा म्हणून ते सगळ्यांना पुरलं. शेंगा विकणारा त्याच्या पुडीत मूठभर जास्त शेंगा घालू लागला. संघाचे प्रशिक्षक, जे पंचांखेरीज कुणाशी बोलत नसत आणि पंचांशी बोलत तेही सांगण्यासारखं नसे, ते येताजाता त्याला टोपी काढून नमस्कार करू लागले. दोघा मालक भावांनी एकमेकांना न सांगता त्याला आपापली व्हिस्की पाठवली. त्याने दोन्ही बाटल्या परत केल्या. यावरून तो पक्का सौदेबाज आहे, असं ठरलं.

ऑगी मात्र त्याच्या समोरून माझ्यासकट जाई आणि नुसतं “नमस्कार” म्हणे. पण मला मुठीतून कळत होतं. त्याचे तळहात ओले असत.

एझराने एकदा एक गोष्ट टिपली. तो माणूस कठड्याच्या फाटकातून आत आला होता, उडालेली टोपी उचलायला. परत जाताना माझी ताजी रेषा आली, तेव्हा त्याने पाय चांगला वर उचलला आणि ती ओलांडली. खेळाडू असंच करतात. रेषेवर पाय पडला तर अपशकुन, असं मानतात.

“पाहिलंस?” एझरा म्हणाला. “हा कधीतरी खेळलेला आहे.”

“गालिचेवाले पण लहानपणी खेळले असतील,” ऑगी म्हणाला.

सहाव्या दिवशी, शनिवारी, ऊन रणरणत होतं. ऑगी घरच्या पाटीपाशी गोणी फोडत होता. तो माणूस कठड्यापाशी आला आणि त्याने ऑगीला हाक मारली. ऑगीने गोणी माझ्या पेटीत उलटी केली. मग मला फक्त धो धो ऐकू येत राहिलं. त्या गोणीला रोजच्यापेक्षा जास्त वेळ लागला का? मला तसं वाटतं. पण शपथेवर सांगणार नाही.

भुकटी थांबली तेव्हा बोलणं संपलं होतं. ऑगी निघाला. तो माणूस रेषेच्या बाहेरच्या बाजूने, बरोबरीने चालू लागला.  पहिला बेस गेला, स्टँडची सावली गेली, सावली संपते तिथून पुढचं मोकळं गवत आलं. कुंपण अजून थोडं दूर होतं. तिथे ऑगी थांबला. आजवर कधी मध्ये थांबला नव्हता.

“घ्या,” तो म्हणाला. आणि मूठ त्या माणसाच्या हातात दिली.

त्या माणसाने टोपी काढून गवतावर ठेवली. त्याचं टक्कल उन्हात चमकलं. मग त्याने खटका दाबला आणि मला ढकललं.  मी त्याला सरळ नेण्याचा प्रयत्न केला, पण गाडा शेवटी ढकलणाऱ्याच्या मर्जीचा. रेषा आधी आत गेली, मग घाबरून बाहेर आली, आणि खांबाला कशीबशी भेटली.

त्याने ऑगीशी हात मिळवला, टोपी उचलली आणि जागेवर जाऊन बसला. ऑगीने त्या वाकड्या रेषेकडे पाहिलं. झाडू चार पावलांवर होता. दोन मिनिटांत पुसून नवी आखता आली असती. त्याने मला शेडकडे वळवलं.

पंच आले, त्यांनी हाक मारली. “ऑगी, ही रेषा आहे की नदी?”

“दोन्ही संघांना सारखीच आहे. खेळा.”

अख्ख्या गावाने तो सामना त्या रेषेवर पाहिला. एझराने शेडमध्ये एवढंच विचारलं, “गाडा दिलास?”

“त्याने मागितला. मी दिला.”

“आणि रेषा तशीच ठेवलीस.”

“ठेवली.”

एझराने हातमोजे खिळ्याला अडकवले आणि तो घरी गेला.

रविवारपासून ती जागा रिकामी होती. मंगळवारी डोरीन हसत हसत शेडमध्ये आली. हसू आवरेना तिला. “अरे, कसला व्हीच आणि कसलं काय. ऑर्विल प्रूइट त्याचं नाव. जोड्यांचा फिरता विक्रेता. बायको टेकडीवरच्या इस्पितळात होती, तिसऱ्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात. भेटायची वेळ दुपारी संपायची, मग हा इथे येऊन बसायचा. तरुणपणी एक मोसम फेरीमेनकडून खेळला होता म्हणे. रविवारी गेली बिचारी. त्याची घरमालकीण माझ्या मावसबहिणीची शेजारीण.” मग तिने ऑगीकडे पाहिलं. “आणि तू, जोडेविक्याला शेठ समजून गाडा दिलास होय रे?”

ऑगीने तिला दुसरं काही विचारलं नाही. “रविवारी किती वाजता?” एवढंच विचारलं. तिला ते माहीत नव्हतं.

ती थट्टा वर्षानुवर्षं चालली. रेषा थोडी फिकट आली तरी स्टँडमधून आवाज येई, “ऑगी, आज कुठला शेठ?” शेंगावाला रिकामी पुडी दाखवून म्हणे, “जास्तीच्या घालू का, व्हीचसाहेब आलेत?” ऑगी ऐकून घेई. एक वाक्य बोलला असता तर मिटलं असतं. पण तो बोलला नाही. एझरा थट्टेत कधी सामील झाला नाही. त्याने काम सोडलं नाही, बोलणंही तोडलं नाही. फक्त जेवायला तो आता बाहेर बाकावर बसायचा. मला वाटतं, ऑगीला टोमण्यांपेक्षा ते जास्त लागलं असावं. मीही, खरं सांगायचं तर, त्याला वाकलेलाच समजत होतो.

खरा व्हीच कधी आलाच नाही. वर्तमानपत्रातली ती बातमी म्हणजे कुणीतरी कुणाला तरी जेवताना म्हटलेलं काहीतरी होतं. पुढल्या हिवाळ्यात ते पान माझ्याच पेटीत आलं. मी सहा महिने परत परत वाचलं. त्यात ‘समजते’ हा शब्द तीनदा होता. व्हीचने शेवटी शर्यतीचे घोडे घेतले.

ऑगी १९८१ मध्ये वारला. एझराने शवपेटीला खांदा दिला आणि परत येऊन गवत कापलं. फेरीमेन पुढे दुसऱ्याच कुणी विकत घेतले आणि ते गाव सोडून गेले. मैदान हायस्कूलकडे आलं, माझ्यासकट. गवत अजून आहे. माझं एक चाक बदललंय, खटका अडकतो, आणि मला ढकलणारे मास्तर दोरी ताणल्याशिवाय एक फूटही जात नाहीत. तक्रार नाही. तुम्ही कधी आमच्या मैदानावर आलात, तर रेषा ओलांडताना तेवढा पाय उचला. ती कुणी आखली आणि कशासाठी, हे बाहेरून कळत नाही. इतक्या वर्षांनी मला एवढंच खात्रीने सांगता येतं.

१९९३ साली एझराचं खुब्याचं ऑपरेशन झालं, त्याच टेकडीवरच्या इस्पितळात. बरा झाल्यावर तो काठी टेकत शेडमध्ये आला, बादली पालथी घालून माझ्याशेजारी बसला आणि मलाच सांगू लागला. त्याला तिसऱ्या मजल्यावर ठेवलं होतं. बायकांचा वॉर्ड तिथून हलवला होता, पण खिडक्या त्याच. कुठल्याही खिडकीत उभं राहिलं तरी स्टँडचं छप्पर आड येतं. घरची पाटी दिसत नाही, पहिला बेस दिसत नाही. छप्पर संपतं तिथून, म्हणजे ऑगीने त्या शनिवारी मूठ दिली होती तिथून, कुंपणापर्यंत रेषेचा तुकडा तेवढा दिसतो. मैदानात येण्याआधी त्याने नर्सकडून मोजपट्टी मागून आणली होती, आणि शेडमध्ये शिरण्यापूर्वी ती गवतावर लावली होती. तीस फूट.