स्यू गेकची सायकल

बेडोक उपनगरातल्या त्या बारा मजली इमारतीच्या तळमजल्यावर, खांबाला बांधलेली स्यू गेकची घडीची सायकल तीन वर्षं गंजत उभी होती. सोमवारी नगर मंडळाच्या माणसांनी तिच्या हँडलला पिवळी चिठ्ठी बांधली: शुक्रवारपर्यंत हलवा, नाहीतर बेवारस समजून उचलू. न्याम म्हाताऱ्याने चिठ्ठी दोनदा वाचली. बेवारस म्हणे! मालकीण वारली म्हणून काय झालं, नवरा जिवंत होता ना अजून.

मेलबर्नला मुलाला फोन लावला, तर तो म्हणाला, "पा, तुम्हाला सायकल चालवता तरी येते का? देऊन टाका भंगारवाल्याला."

सायकल त्याला येत नव्हती, हे मात्र खरं होतं. चालवायची ती. सकाळी समुद्राकाठच्या वाटेने ती सायकलवर बाजारात जायची आणि हा मागून बसने. हा पोचेपर्यंत तिची कॉफी पिऊन झालेली असायची. "आलात का चालत?" असं रोज तेच विचारून ती रोज हसायची. पाऊस आला की मात्र ती सायकलची घडी घालायची आणि याच्याबरोबर बसने परत यायची. त्यामुळे म्हातारा बाजारात पोचला की आधी आभाळाकडे बघायचा.

मंगळवार, बुधवार त्याने नुसत्या खाली-वर खेपा घातल्या. दुरुस्त करून चालवणार कोण? नुसती उभी ठेवायला चकचकीत करायची म्हणजे लोक वेड्यात काढतील. पण उचलून नेली तर तिचं म्हणावं असं काहीच उरणार नव्हतं. कपडे सुनेने पहिल्याच महिन्यात वाटून टाकले होते.

गुरुवारी सकाळी तो सायकल ढकलत जुनैदीच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेला. जुनैदी कामाला पक्का आणि तोंडाने फटकळ. नुसत्या शोभेच्या सायकलींना तो हात लावायचा नाही.

"ही म्युझियममधून आणलीत का, अंकल? चालवणार कोण?"

"बायको," म्हातारा बोलून गेला.

"मग ठीक आहे."

दिवसभर जुनैदीने गंज घासला, साखळी बदलली, ब्रेकच्या तारा नव्या घातल्या, जाम झालेलं घडीचं बिजागर तेल पाजून मोकळं केलं. म्हातारा स्टुलावर बसून बघत राहिला. कितीतरी महिन्यांनी त्याचा दिवस माणसांत गेला होता.

संध्याकाळी जुनैदी म्हणाला, "सीट तेवढी राहिली. आंटीला पाठवा. माणूस बसवल्याशिवाय मी सीटचा बोल्ट आवळत नाही."

"तिला नाही जमायचं."

"का, भांडलात की काय? बरं, उंची तरी सांगा."

म्हाताऱ्याचा हात आपोआप वर गेला आणि खांद्याच्या जरा वर, कानाखाली थांबला. अगदी नेमका तिथेच. मग तो हात खाली काही येईना.

"एवढी," तो म्हणाला. "होती."

जुनैदीच्या हातातला पाना थांबला. त्याने म्हाताऱ्याच्या हाताकडे बघितलं, सीटकडे बघितलं, सीट वर केली आणि बोल्ट आवळला.

"बघा, बरोबर आहे का."

"जरा खाली. तिला दोन्ही पाय टेकायला लागायचे."

जुनैदीने बोल्ट परत सैल केला आणि सीट खाली घेतली.

शुक्रवारी नगर मंडळाची गाडी आली. माणसांनी चार सायकलींची कुलपं तोडून त्या गाडीत टाकल्या. पुन्हा खांबाला बांधलेल्या स्यू गेकच्या सायकलीपाशी एकजण थांबला आणि त्याने घंटी वाजवून बघितली.

"ही वापरात आहे ना, अंकल?"

"आहे तर."

ते पुढे गेले. म्हातारा लिफ्टने घाईघाईने वर आला, दार उघडलं, आणि चपला काढता काढताच स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "अगं, राहिली बरं का तुझी सायकल."

आत पंखा फिरत होता. तो तसाच उंबऱ्यात उभा राहिला. एवढी मोठी बातमी, आणि ती जिला सांगायची तीच घरात नव्हती.