चौदा वर्षांना विरोध

२००६ साली अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या शाळेत पाचवीच्या मुलांनी पुतळे व्हायचे होते. प्रत्येकाने एका ऐतिहासिक व्यक्तीच्या वेशात निश्चल उभे राहायचे; पाहुण्याने समोरचे कागदी बटन दाबले की तिचे चरित्र सांगायचे. माझ्या नातीने, ऋताने, एबेनेझर हॉल्टन निवडला. पेनसिल्व्हेनियात कातडी कमावणारा हा माणूस पुढे काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेला. परदेशातून आलेल्यांना नागरिकत्वासाठी पाचाऐवजी चौदा वर्षे थांबवणारा कायदा १७९८ मध्ये आला, तेव्हा तो सभागृहात उभा राहून विरोधात बोलला. पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्याला घरी बसवले.

सुटे भाग तपासावेत तसे एकेक वाक्य तपासून मी ऋताचे भाषण बसवले. तेवढ्यात वर्गशिक्षिकेचा निरोप आला: ऋताने "तिच्या संस्कृतीतली" व्यक्ती घ्यावी, झाशीची राणी शोभेल. तिच्या बाकावरचा जर्मन आडनावाचा मुलगा वॉशिंग्टन होणार होता. त्याला कोणी जर्मन व्यक्ती सुचवली नव्हती.

"बाबा, इश्यू करू नका," माझा मुलगा सिद्धेश म्हणाला. "राणी काय वाईट आहे?"

"राणी थोरच. पण हिने निवडली का? तुझं ग्रीन कार्ड सहा वर्षं अडलंय, म्हणून इथे जन्मलेल्या पोरीनेही मान खाली घालायची?"

"मी टीचरना हो म्हटलंय, बाबा. विषय संपला."

सुनेने, राधिकाने, नऊवारी इस्त्री करून ठेवलीच होती. ऋताने ती नेसून पाहिली. माझा संताप मात्र प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत उतरला नाही.

त्या दिवशी ती नऊवारीत, लाकडी तलवार धरून उभी होती. एका बाईंनी बटन दाबले.

"मी एबेनेझर हॉल्टन," ऋताने सुरुवात केली.

सिद्धेशने माझ्याकडे पाहिले. मी नकारार्थी मान हलवली. भाषण मी बसवलेले होते, पण राणीच्या वेशात ते म्हणायला मी शिकवले नव्हते. कातड्याचा कारखाना, सभागृह, पराभव, काहीही न गाळता तिने सांगितले. शेवटचे वाक्य होते, "जो इथे राबतो, त्याला इथला म्हणायला चौदा वर्षं कशाला?"

बाई कौतुकाने हसल्या. "किती सुंदर ड्रेस. तुझ्या देशातला का?"

पाठ केलेल्यापलीकडे पुतळ्याने बोलायचे नाही, असा नियम होता.

"बटन पुन्हा दाबा," ऋता म्हणाली. "तुम्ही ऐकलं नाही."

बाई गोंधळून मागे सरल्या. सिद्धेशच पुढे झाला आणि त्याने बटन दाबले.