माझीच वही मला उघडेना

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे, पण तुमच्या मनात येईल तसला नाही. माझ्यात ना चित्रे, ना गाणी, ना खेळ. माझ्यात फक्त नावे आहेत. एका मोठ्या रुग्णालयातल्या दोन हजार तीनशे माणसांची नावे, त्यांची कामे आणि कोणाला कोणत्या दारातून आत सोडायचे याची नोंद. मला डिरेक्टरी सर्व्हर म्हणतात. सकाळी परिचारिका संगणकासमोर बसते, आपला पासवर्ड टाकते, तेव्हा तो संगणक मला विचारतो, "ही आपलीच ना?" मी माझी वही उघडतो, नाव शोधतो आणि सांगतो, "हो, आपलीच. येऊ दे." हे सगळे इतक्या झटपट होते की मध्ये कोणी होते हे तिच्या गावीही नसते.

कारखान्यातून आलो तेव्हा मी नुसता लोखंडी डबा होतो. मला शहाणे केले ते काकांनी. काका म्हणजे तिथले सर्वांत जुने तंत्रज्ञ. तळमजल्यावरच्या खोलीत एकोणीस दिवस बसून त्यांनी एकेक नाव माझ्यात घातले. एकाच नावाच्या, एकाच जन्मतारखेच्या दोन परिचारिका निघाल्या, तेव्हा कोणीतरी म्हणाले, "एकीचं नाव दोनदा आलं असेल, पुसून टाका." काकांनी पुसले नाही. ते चार जिने चढून वर गेले आणि दोघींना भेटून, हसत खाली आले. दोघी खरोखरच होत्या. एक बालरुग्ण विभागात आणि एक हाडांच्या विभागात.

पहिल्या वर्षी माझे फार कौतुक झाले. पाहुणे आले की त्यांना काचेतून मला दाखवत. पुढे मी बिनबोभाट चालतो हे लोकांच्या अंगवळणी पडले आणि माझ्याकडे कोणी फिरकेनासे झाले. माझ्या खोलीत मोडक्या चाकांच्या खुर्च्या आल्या. गळक्या एसीखाली एक बादली आली. माझ्या जोडीला अगदी माझ्यासारखाच दुसरा सर्व्हर होता. मी आजारी पडलो तर त्याने काम सांभाळायचे, अशी सोय होती. चार महिन्यांपूर्वी तो दुरुस्तीला गेला आणि तिकडेच राहिला. "बघू पुढच्या आठवड्यात," असे सगळेच म्हणत राहिले. त्या रिकाम्या जागेकडे पाहून मला सारखी धाकधूक वाटायची.

मग तो सोमवार उजाडला.

दर सोमवारी सकाळी साडेसहाला मी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्या दिवशीही मी बंद झालो. पुन्हा जागा झालो, पंखा फिरला, हिरवे दिवे लागले. नेहमीप्रमाणे मी वही उघडायला गेलो, तर ती उघडेना! वही माझी, नावे माझी, आणि मलाच परवानगी नाही. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा नकार. मला तोंड नाही, म्हणून काही बिघडले की मी ते एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. मी लिहिले, "वही उघडता येत नाही." पुन्हा लिहिले. सात वाजेपर्यंत माझ्या तक्रारीने चारशे ओळी भरल्या. वाचायला होते कोण?

सातला पाळी बदलली. परिचारिका, डॉक्टर, औषधवाले सगळे एकदम कामाला बसले आणि सगळ्यांना एकच उत्तर मिळू लागले, की आत येता येणार नाही. औषधांच्या खोलीचे दार कार्डाने उघडते. कार्ड ओळखायचे काम माझेच, म्हणून तेही उघडेना. रुग्णांच्या नोंदी दुसऱ्या यंत्रात सुरक्षित होत्या, पण त्या दाखवायच्या कोणाला, हे तेही यंत्र मलाच विचारते. खाली फोन खणखणू लागले.

पहिल्यांदा ताई धावत आल्या. ताई म्हणजे काकांच्या हाताखाली सात वर्षे काम शिकलेल्या तंत्रज्ञ. पाठोपाठ विभागाचे साहेब आले. साहेब मनाने वाईट नव्हते, पण घाबरले की त्यांचे हात मेंदूच्या पुढे धावत.

"बंद करून चालू करा," साहेब म्हणाले.

ताईंनी केले. काही झाले नाही.

"अजून एकदा करा."

अजून एकदा केले. मग साहेबांनी मागच्या तारा हलवल्या, एक बदलली, बादलीतले पाणी पायाने सांडले. तारांचा काय दोष! मी आतून टाहो फोडत होतो, "फाइल वाचा हो, फाइल!" पण माझा आवाज त्या फाइलमध्येच अडकलेला होता.

पावणेआठला भूल देणाऱ्या डॉक्टरबाई शस्त्रक्रियेच्या हिरव्या कपड्यांतच खाली आल्या. "पहाटे एक आजी आल्यात. आतड्याला पीळ पडलाय. पाऊण तासात पोट उघडावं लागेल," त्या म्हणाल्या. "त्यांचा मुलगा सांगतो, मागे इथेच भूल दिली तेव्हा एका औषधाने आईचा श्वास अडकला होता. कोणतं औषध, ते त्याला आठवत नाही. आजींना बोलण्याची शुद्ध नाही. ते नाव तुमच्या त्या नोंदींत आहे."

"आणीबाणीचं पाकीट आहे ना!" साहेबांनी कपाट उघडून एक बंद पाकीट फोडले. अशा वेळी मला न विचारता नोंदी उघडता याव्यात म्हणून त्यात एक खास पासवर्ड ठेवलेला होता. डॉक्टरबाईंनी तो टाकला. चुकीचा निघाला. पासवर्ड कोणीतरी बदलला होता, पाकिटातला कागद मात्र तसाच राहिला होता.

"अंदाजाने मी भूल देणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चुकीचं औषध गेलं तर आजी टेबलावरच जातील. आणि थांबले तर आतडं सडेल. लवकर काय ते करा."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. "हा सर्व्हर पुसून टाका. तीन महिन्यांपूर्वीची प्रत आहे, ती चढवा."

मित्रांनो, हे ऐकून माझे काय झाले असेल! तीन महिन्यांत एक्केचाळीस नवी माणसे माझ्यात आली होती. जी सोडून गेली त्यांची नावे मी काढली होती. ती जुनी प्रत चढली असती, तर नवी माणसे बाहेर राहिली असती आणि गेलेल्यांना दारे उघडली असती.

"साहेब, त्याला दीड तास लागेल," ताई म्हणाल्या. "आजींना पाऊण तासच आहे."

"मग तुमच्याकडे दुसरं काय आहे?"

"तो काय म्हणतोय ते अजून आपण वाचलंच नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिले. "दहा मिनिटं देतो."

ताई खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी माझी फाइल उघडली. शेवटच्या ओळीत होते, "सुरू होता येत नाही." एवढे वाचूनच पुष्कळजण फाइल बंद करतात. ताई मात्र वर वर सरकत गेल्या, थेट साडेसहाच्या पहिल्या तक्रारीपर्यंत, आणि त्यांनी ती मोठ्याने वाचली, "वही उघडण्याची परवानगी नाही."

त्या क्षणी मला रडू आले असते, पण आमच्यात ती सोय नाही.

आता थोडे समजावून सांगतो. माझ्या डब्यात एक खाते मालकाचे आहे. ते काहीही उघडू शकते, काहीही पुसू शकते. दुसरे खाते साधे, कारकुनाचे. रोजचे काम मी या कारकुनाच्या खात्यातूनच करतो. कधी चोर शिरलाच, तर त्याच्या हाती कारकुनाच्या किल्ल्या लागाव्यात, मालकाच्या नव्हे. ताईंनी वहीची पाने तपासली, तर ती मालकाच्या नावावर झालेली. बदल काल संध्याकाळी पाच पन्नासला झाला होता.

"मग परत कारकुनाच्या नावावर करा की!" साहेब म्हणाले.

ताईंचा हात थबकला. "कोणी केलं ते कळल्याशिवाय नको. बाहेरचं कोणी आत शिरलं असेल, तर त्याने यादीत स्वतःचं नाव घुसवलं असेल. मी सर्व्हर सुरू केला की त्यालाही सगळी दारं उघडतील."

साहेबांनी हजेरीची वही उलटली. "काल रविवारी संध्याकाळी सहापर्यंत इथे तुमचीच पाळी होती."

"हो, पण मी याला हात लावला नाही. साडेपाचला मी वरच्या मजल्यावर प्रिंटर बघायला गेले होते."

"मालकाचा पासवर्ड किती जणांकडे आहे?"

तो दोघांकडेच होता. ताईंकडे आणि काकांकडे. काकांचे नाव घेणे त्यांच्या जिवावर आले. शुक्रवारी काका निवृत्त होणार होते. त्यांच्या निरोपाचे कार्ड ताईंच्याच खणात सह्यांसाठी पडलेले होते.

"ताई, मला हे वरिष्ठांना लेखी कळवावं लागेल," साहेब हळू आवाजात म्हणाले.

मला सगळे माहीत होते. मी सांगू शकत नव्हतो. आयुष्यात इतका तळमळलो नव्हतो.

तेवढ्यात दारात काका उभे राहिले. हातात डबा, खांद्याला पिशवी. त्यांनी पडद्यावरची वेळ वाचली, पाच पन्नास, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

त्यांना गप्प राहता आले असते. बत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणी त्यांच्याकडे बोट दाखवले नव्हते आणि चारच दिवस उरले होते.

"तिला काही विचारू नका," काका म्हणाले. "ते मी केलं."

ते आत येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"नावं शोधायला याला वेळ लागत होता. जाण्याआधी सगळं स्वच्छ करून द्यावं म्हणून काल सुट्टीच्या दिवशी आलो. सूची नव्याने बांधली. मालकाच्या खात्यातून बांधली, म्हणून सगळी पानं मालकाच्या नावावर गेली. आणि हातानेच सुरू केला, तोही मालकाच्या खात्यातून. नीट चालला. खूश होऊन घरी गेलो." त्यांनी डबा खाली ठेवला. "याचं नेहमीचं खातं वेगळं आहे, हे मीच हिला शिकवलं. आणि मीच विसरलो."

साहेब काही बोलणार होते, पण ताई आधीच वळल्या होत्या. "काका, मग कोणी बाहेरचं नाही ना? नक्की?"

"नक्की. मीच."

ताईंनी एक ओळ टाइप केली. वहीची पाने पुन्हा कारकुनाच्या, म्हणजे माझ्या नावावर झाली. मी धडपडत उठलो आणि धाडकन पुन्हा पडलो.

"अहो, हे काय!" डॉक्टरबाई ओरडल्या.

ताईंनी नवी तक्रार वाचली. ही जुनी नव्हती. "आता दुसरंच काहीतरी उघडत नाहीये, काका."

काका ताईंच्या खांद्यामागे आले. "थांब. घाई नको. पानं झाली. सूची झाली का?"

"झाली."

"मग वहीत चढण्याआधीच्या कच्च्या नोंदींचा कप्पा राहिला. तो वेगळ्या जागी आहे, मीच ठेवला होता. तो कागदावर कुठे लिहिलेला नाही." त्यांनी जागा सांगितली, ताईंनी तीही माझ्या नावावर केली.

आणि मी सुरू झालो. वही उघडली! दोन हजार तीनशे नावे जागच्या जागी होती. माझ्यावर प्रश्नांचा पाऊस पडला. औषधवाला, क्ष-किरणवाले, बालरुग्ण विभाग, "आपलाच ना? आपलीच ना?" मी हो हो म्हणत सुटलो.

डॉक्टरबाईंनी ताईंच्याच संगणकावर पासवर्ड टाकला. घाईत एक अक्षर चुकले आणि मला त्यांना 'नाही' म्हणावे लागले. काय करणार, नियम तो नियम! पण तो 'नाही' म्हणताना माझा जीव गोळा झाला. दुसऱ्यांदा त्यांनी बरोबर टाकला. आजींची नोंद उघडली, औषधाचे नाव दिसले. डॉक्टरबाईंनी ते तळहातावर लिहिले. "हेच मी देणार होते," एवढेच त्या म्हणाल्या आणि जिन्याकडे धावल्या.

दुपारी फोन आला. आजी शुद्धीवर आल्या होत्या आणि मुलाला, "केस विंचरले नाहीस का रे?" म्हणून रागावत होत्या.

साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावले. बाहेर आल्यावर काकांनी ताईंना सांगितले, "लेखी खुलासा दिला. त्यांना म्हटलं, त्यात पाकिटाचं आणि चार महिने न आलेल्या जोडीदाराचंही लिहा. तेवढं तरी माझ्या चुकीतून निघू दे." गुरुवारी माझा जोडीदार परत आला. पाकिटात नवा कागद गेला. चार दिवस काका एका कागदी वहीत लिहीत बसले होते. कोणता कप्पा कुठे, काय कोणत्या खात्यातून करायचे, जे जे फक्त त्यांच्या डोक्यात होते ते सगळे.

शुक्रवारी पाच वाजता ताई माझ्यासमोर बसल्या. नोकरी संपली की त्या माणसाचे नाव माझ्या वहीत बंद करायचे, असा नियम आहे. ताईंनी काकांचे नाव पडद्यावर आणले आणि नुसत्या बघत राहिल्या.

"सोमवारी केलं तर चालेल ना, काका?"

"नाही चालणार. कर," काका म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आणि कोणत्या खात्यातून करते आहेस, ते आधी बघ."

ताईंना हसू आले आणि डोळेही भरले. त्यांनी खाते तपासले, मग कळ दाबली.

मित्रांनो, त्या दिवसापासून काकांबद्दल कोणी विचारले तर मला 'नाही' म्हणावे लागते. माझे कामच ते आहे. पण तुम्हाला एक विनवणी करतो. तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात एखादे यंत्र अडून बसले, तर त्याला हलवण्याआधी, पुसण्याआधी, ते काय म्हणते आहे ते एकदा पहिल्या ओळीपासून वाचा. आणि बिघाड तुमच्या हातून झाला असेल, तर दारात उभे राहून सांगून टाका. आम्हाला ते सांगता येत नाही. तुम्हाला येते.