टीव्हीचं माहेरपण

लोकांची घरं हलवायचा माझा धंदा आहे. टेम्पो माझा, माणसं माझी, कपाट दारातून निघेना की निघतात त्या शिव्याही माझ्याच. तेव्हा घर म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. पण शिकवलं. फोनवरच्या एका मुलीनं, मधाळ आवाजात.

"सर, तुमचं खातं दोन घरांत चालतंय."

"दोन कुठली? एक माझं, एक माझ्या ताईचं."

"म्हणजे दोनच की, सर."

"तुझ्या भावाचं घर तुला परकं का गं?"

"एका छताखाली राहतात ते घर, सर. दुसऱ्या घराचे पैसे वेगळे."

आधीच या सिनेमा-मालिकावाल्यांनी एका वर्षात दोनदा दर वाढवलेले. वर जाहिराती घुसवल्या, आणि जाहिराती नकोत म्हणून तर आपण पैसे भरत होतो. म्हणजे जेवणाचे पैसे घ्यायचे आणि मधेच येऊन ताटात थुंकायचं. थुंकी नको असेल तर वरचा प्लॅन घ्या.

मी तेव्हाच लाथ मारली असती, पण ताई होती. दाजी गेले त्या वर्षी ती कुणाशी धड बोलेना. विचारलं तर हो, नाही, बरं. मग मी तिला एका खुनाच्या मालिकेला लावलं. ती शहराच्या त्या टोकाला, मी या टोकाला. रोज संध्याकाळी दोघांनी एकदमच भाग सुरू करायचा, फोन स्पीकरवर टाकायचा आणि खुनी कोण यावर भांडायचं. "तुला अक्कल नाही, तो विष घालणाऱ्यातला दिसतो का?" असं ती ओरडली, त्या दिवशी मी बायकोला म्हटलं, सुटलो, ताई परत आली. दिवसभरात ती मोकळी बोलायची ती तेवढीच. आणि ही मधाळ पोरगी मला तेच बंद करायला सांगत होती.

पण आपण काय कमी आहोत? त्यांचा नियम एवढाच होता, की टीव्हीनं महिन्यातून एकदा मूळ घरच्या वायफायला तोंड दाखवायचं. मग मी दर महिन्याला ताईचा टीव्ही टेम्पोत घालून आमच्याकडे आणायला लागलो. एक रात्र ठेवायचा, सकाळी पोचवायचा. बायको म्हणायची, "बघा, नणंद यायला तयार नाही, नणंदेचा टीव्ही मात्र माहेरपणाला येतो. लाड करून घ्या मेल्याचे." कंपनीला टोपी घातल्याचा आनंद काय सांगू. महिनाभर पुरायचा.

मग शेवटच्या भागाचा दिवस आला, आणि मी माती खाल्ली.

आमच्या धंद्यात गोधडीत गुंडाळलेलं ते गिऱ्हाइकाचं सामान. आपलं स्वतःचं काही टेम्पोत असेल तर ते गोणपाटात. त्या सकाळी घाईत मी ताईचा टीव्ही गोधडीत गुंडाळला आणि तो पोचवायचा टेम्पोतच राहिला. दुपारी एका दातांच्या डॉक्टरचं घर हलवायचं होतं. आमच्या दांडग्यानं, म्हणजे माझ्या हमालानं, गोधडी बघितली आणि टीव्ही डॉक्टरच्या नव्या घरी नेऊन भिंतीला ठोकून दिला.

माझ्या ध्यानात येईपर्यंत संध्याकाळ. धावत गेलो, तर डॉक्टर नवरा-बायको पाय पसरून माझ्याच खात्यावर मालिका बघत बसलेले.

"हा आमचा नाही होय?" डॉक्टर म्हणाला. "मला वाटलं हिनं नवा घेतला."

"मला वाटलं ह्यांनी घेतला," बाई म्हणाल्या. "म्हटलं, कौतुक करून कशाला चढवा."

तेवढ्यात माझ्या फोनवर मेसेज वाजला. तुम्ही नव्या घरी राहायला गेल्याचं दिसतंय, अभिनंदन. म्हणजे आता माझं घर हे डॉक्टरचं घर. मी माझ्या घरात परका, ताई तर त्याहून परकी. मी त्या मुलीला फोन लावला. कोणी दुसरीच होती, मध मात्र त्याच बरणीतला.

"घर बदललं की महिनाभर परत बदलता येत नाही, सर. जास्तीच्या घराचा प्लॅन घ्या ना."

"आणि मी डॉक्टरकडे राहायला गेलो तर?"

"तर काहीच अडचण नाही, सर."

मागोमाग ताईचा फोन. "अरे, कुठे उलथलास? वेळ झाली. टीव्ही कुठाय?" तिच्या आवाजात ते जुनं, कोरडं काहीतरी परत यायला लागलं होतं. "नसेल जमत तर राहू दे."

ते 'राहू दे' ऐकलं आणि मी पैसे भरले. जन्मभर मी लोकांना टोप्या घातल्या, पण घातलेली टोपी मी फुकट द्यायचो. यांनी ती माझ्याच हातानं माझ्या डोक्यावर ठेवून घेतली, वर टोपीचे पैसे लावले. स्वतःचीच किळस आली.

टीव्ही ताईकडे नेला, लावला, तिच्या शेजारीच बसलो. इन्स्पेक्टरनं सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं. बोट उचललं. लगेच संडास चकचकीत करणारा एक माणूस हसत हसत आला. तो गेला, इन्स्पेक्टरनं पुन्हा बोट उचललं, तर कर्ज देणारी बाई आली. शेवटी बोट फिरत फिरत थांबलं, आणि पडदा काळा. त्यावर अक्षरं: उरलेलं पुढच्या सीझनमध्ये, वरच्या प्लॅनवर सगळ्यांच्या आधी.



"शी," ताई म्हणाली. "उष्टं वाढतात, तेही अर्धंच. बंद कर हे."

"ताई, महिन्याचे पैसे भरलेत आत्ताच."

"म्हणून महिनाभर खायचं?"

मी फोनवर खातं बंद करायला घेतलं. खरंच जायचंय? हो. नक्की? हो. आम्हाला तुमची आठवण येईल. मग कारण निवडा: वेळ मिळत नाही, दर परवडत नाहीत, इतर. किळस हे कुठेच नव्हतं. मी 'इतर' दाबलं तर लिहायला चौकोन उघडला.

"दे इकडे," म्हणून ताईनं फोन ओढून घेतला. चष्मा सारखा करून एका बोटानं लिहिलं: शी. फोन म्हणाला, कृपया थोडं सविस्तर लिहा.

"सविस्तर पाहिजे होय मेल्यांना," ताई म्हणाली, आणि शांतपणे शी शी शी शी दाबत बसली, चौकोन भरेपर्यंत. मग फोन माझ्या मांडीवर टाकला.

"उद्या नेहमीच्या वेळेला फोन कर."

"बघायचं काय पण?"

"बघायचं कशाला? भांडायला कारण लागतं होय आपल्याला?"