पंचवीस लिटरचा गिझर

"यानापेक्षा मोठा नही का?" सरलाबाईने विचारलं.

शहाद्याच्या दुकानात जावेदभाईंनी तोवर तिच्यापुढे चार गिझर मांडले होते. पाचवा त्यांनी फळीवरून उतरवला. "हाऊ शे पंचवीस लिटरना. पन भाभी, आंग धवनारा मानसं कितला शेत?"

"कामिनीनं शंभर लिटरनं शे."

"ते सोलर शे, गच्चीवरनं. त्यानी गोट येगळी."

"म्हंजे मन्हं ल्हानच पडनार!"

मागे उभा असलेला लोटन, तिचा नवरा, इतका वेळ छताचा पंखा बघत होता. "आवं, भाऊ काय इचारी ऱ्हायना, ते तरी सांग."

"सासूले पाहिजे," ती म्हणाली. "मन्ही सासूले आंग धवाले."

"मंग पंधरा लिटर भलता व्हयी. पंचवीसले तापाले टाइम लागस."

गिऱ्हाईक मोठं मागतंय आणि दुकानदार लहान गळ्यात मारतोय, हे काही सरलाबाईच्या पचनी पडलं नाही. कामिनीने याला फोन तर केला नसेल? तिने पंचवीस लिटरच्या खोक्यावर हात ठेवला आणि ते गाडीत चढेपर्यंत तो उचलला नाही.

कामिनी म्हणजे तिची धाकटी जाऊ. कळसाडीत दोघींची घरं भिंतीला भिंत लावून. चार वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा सासू आणि पाणी तापवायचा तांब्याचा बंब, दोन्ही सरलाबाईकडे आले. वर्षभरात म्हातारी ओट्यावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून रोज पहाटे अंगणातल्या बंबात कपाशीच्या काड्या सारायच्या, पाणी विसणायचं, म्हातारीला मोरीत पाटावर बसवायचं, पाठ चोळायची, केस धुवायचे आणि लुगडंसुद्धा आपणच नेसवायचं, असं सरलाबाईने तीन वर्षं केलं. एक दिवस चुकवला नाही. गावातल्या सासवा आपापल्या सुनांना तिचं उदाहरण देत, आणि ते तिच्या कानावर येई. तिला ते आवडायचं. का आवडू नये?

मग दिराने, भूपेंद्रने, गच्चीवर सोलर बसवलं. म्हातारी आता काठी टेकत चालू लागली होती. एके सकाळी ती खांद्यावर टॉवेल टाकून कामिनीकडे गेली, ती दोन महिने जातच राहिली. परवा भजनाला आलेली एक बाई म्हणाली, "कामिनीनी सासूले चांगलं सांभाळी लिधं बरं!" सरलाबाईच्या अंगाचा तीळपापड झाला. तीन वर्षं राबली ही आणि आयत्या बिळावर नागोबा ती!

गिझर बसवायला फिटर अरबाज आला. मोरीत शिरून तो भिंत ठोकू लागला.

"मझार नको," सरलाबाई म्हणाली. "बाहेर बसाड. त्या भितवर." तिने कामिनीच्या अंगणाकडची भिंत दाखवली.

"बाहेर? आवं मावशी, गिझर कोनी बाहेर लावस का? ऊन लागी, पानी लागी."

"वर पत्रा शे ना."

सोलर सगळ्या गावाला दिसत होतं. मोरीतला गिझर कोण बघायला येणार?

"मंग नळ तरी मझार काढू?"

"नळबी बाहेरच ऱ्हाऊ दे. बादली भराले मी शे ना."

अरबाजने मान हलवली आणि तिने सांगितलं तसं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरलाबाईने बादल्या भरभरून पाणी नेलं, कामिनीला ऐकू जावं म्हणून प्रत्येक बादली जरा आपटून ठेवली, आणि म्हातारीला नखशिखांत न्हाऊ घातलं. "पानी झकास शे," म्हातारी म्हणाली. सरलाबाईला त्या दिवशी चहासुद्धा जास्त गोड लागला.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हातारी टॉवेल घेऊन पुन्हा कामिनीकडे गेली.

आता मात्र सरलाबाईला राहवेना. ती तरातरा निघाली. कामिनी बेसन लावून सासूची पाठ चोळत असेल, गोड गोड बोलत असेल, हे चित्र तिने इतक्यांदा मनात पाहिलं होतं की काय काय बोलायचं तेही पाठ झालं होतं. पण कामिनी झोपाळ्यावर बसून चहात खारी बुडवत होती. मांडीवरच्या मोबाइलवर कसलीतरी रेसिपी चालू होती.

"माय कोठे शे?"

"बाथरूममा."

"एकली?"

"मंग? मी मझार जाईसन काय करू? माले नही जमत ताई, कोनले आंग धवाडनं. लाज वाटस."

"आनि पडी गयी तं?"

"धराले दांडी शे ना. कडी लाई लेस, अर्धा घंटा बाहेर येत नही."

भांडायला आलेल्या सरलाबाईला भांडायला काही सापडेना. जिचा इतका हेवा केला, ती तर काहीच करत नव्हती. बंद दाराआडून म्हातारीचा आवाज येत होता. ती लग्नातलं कसलंसं गाणं म्हणत होती, मध्येच ओळ विसरून पुन्हा पहिल्यापासून. सरलाबाईच्या मोरीत ती कधी गायली नव्हती.

म्हातारी बाहेर आली. लुगडं एका बाजूला खाली लोंबत होतं, पण तिचं तिने नेसलेलं होतं. दोघी निघाल्या. दोन घरांमधलं अंतर ते केवढं, पण सरलाबाई मध्येच थांबली.

"मन्हा हात वाईट शेत का, माय?"

"नही व बेटा." म्हातारीने काठी दुसऱ्या हातात घेतली. "तुन्हाच हातवर मी उभी ऱ्हायनू. पन तीन वरीस मन्हं आंग तूच देखं. आते मन्हं माले देखू दे."

सरलाबाईला राग आला आणि रडूही आलं. कामिनीने सासू पळवली असती तर बरं झालं असतं, निदान तिला नावं तरी ठेवता आली असती.

पुढच्या आठवड्यात अरबाज परत आला. गिझर मोरीत गेला. नळ पाटावर बसल्या बसल्या हाताला येईल इतका खाली लागला, शेजारी धरायला दांडी लागली. तो हत्यारं आवरू लागला तेव्हा सरलाबाई म्हणाली, "कडी राही गयी. मझारथून बसाड."

सकाळी म्हातारी काठी टेकत मोरीत गेली. कडी सरकल्याचा आवाज झाला. पलीकडून कामिनीने विचारलं, "ताई, माय उनी नही आज? तू धवाडी ऱ्हायनी का?"

गावभर मिरवावं असं उत्तर सरलाबाईच्या तोंडाशी आलं होतं.

"नही," ती म्हणाली. "तिनी ती धवस."

तिने सवयीने पदर खोचला होता, बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या होत्या. दाराबाहेर ती तशीच थोडा वेळ उभी राहिली. मग एकेक करून बांगड्या खाली घेतल्या.